लिलाव लॅटिनमध्ये करू द्या

मी पिंपळगाव राजातून बोलतोय. दर वेळी सांगावं लागतं म्हणून पुन्हा सांगतो, देऊळगाव राजा वेगळं, सिंदखेड राजा वेगळं. आमचं पिंपळगाव खामगाव तालुक्यातलं. आज मात्र आपल्याला लांब जायचंय, इटलीत, सव्वादोन हजार वर्षं मागे. आणि तिथून फिरून याच बुलढाणा जिल्ह्यात परत यायचंय. हेडफोन लावा आणि चला.

त्याआधी एक घरातली गोष्ट. पंधरा दिवसांपूर्वी आजीनं पहिल्यांदा आपला पॉडकास्ट ऐकला. चुलतभावानं मोबाइल तिच्या कानाशी धरला होता. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, "हा कोन बोलून रायला?" भाऊ म्हणाला, आजी, हा आपलाच आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू हायेस? मंग असा काहून बोलून रायला?"

मी हसलो, पण ते डोक्यातून गेलं नाही. कारण खरी गोष्ट अशी की रेकॉर्डिंग करताना माझ्या तोंडून 'मले' निघतं. मग एडिटिंगला बसलो की ते मी कापतो आणि 'मला' म्हणून पुन्हा रेकॉर्ड करतो. कोणी सांगितलेलं नाही तसं करायला. मीच करतो. पुण्या-मुंबईचे लोक ऐकतात ना.

आता इटली.

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, नेपल्सच्या जवळ, कुमाए नावाचं जुनं शहर होतं. मुळात ग्रीकांनी वसवलेलं, पण ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात डोंगराकडच्या लोकांनी ते घेतलं आणि तिथे त्यांची भाषा आली. तिचं नाव ऑस्कन. इसवी सनपूर्व १८० मध्ये, म्हणजे आपल्याकडे मौर्यांचं राज्य नुकतंच संपलेलं असताना, या कुमाएच्या लोकांनी रोमकडे एक अर्ज केला. रोमन इतिहासकार लिव्ही यानं ही नोंद ठेवली आहे. अर्जात मागणी काय होती? आम्हाला आमचा सार्वजनिक कारभार लॅटिनमध्ये करायची परवानगी द्या, आणि आमच्या लिलाव पुकारणाऱ्यांना लॅटिनमध्ये लिलाव करू द्या. रोमनं परवानगी दिली.

परत ऐका. रोमनं ऑस्कनवर बंदी घातली नव्हती. लोकांनी स्वतः अर्ज करून दुसऱ्याची भाषा मागून घेतली. आणि त्यातही नाव कोणाचं घेतलं, तर लिलावाचं. आपल्या बाजार समितीत हर्रास चालतो तसा तिथे चालत असणार. माल घेणारा मोठा व्यापारी लॅटिन बोलत असेल, तर बोली कोणत्या भाषेत लागणार?

भाषा मरते म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलवारी येतात, जाळलेली पुस्तकं येतात. कधीकधी तसं होतंही. पण बऱ्याचदा अर्ज असतो. नम्रपणे लिहिलेला.

थोडं मागे जाऊ, कारण ऑस्कन म्हणजे काय हे नीट कळायला हवं. शाळेत आपल्याला वाटतं की इटलीत आधीपासून लॅटिनच होती. तसं नव्हतं. लॅटिन ही सुरुवातीला रोम आणि आजूबाजूच्या छोट्या पट्ट्याची भाषा. तिच्या चारी बाजूंना दुसऱ्या भाषा होत्या. त्यात तिच्या सख्ख्या नात्यातली एक मोठी शाखा होती, तिला अभ्यासक साबेल्लिक म्हणतात. दक्षिणेकडे सॅम्नाइट लोकांची ऑस्कन, उत्तरेकडे उंब्रियन, आणि मधल्या डोंगरांमध्ये मार्सी, पेलिग्नी, वेस्टिनी अशा टोळ्यांच्या लहानलहान बोली. एके काळी इटलीच्या नकाशावर साबेल्लिक भाषांचा मुलूख लॅटिनपेक्षा कितीतरी मोठा होता.

ऑस्कन म्हणजे बिघडलेली लॅटिन नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. या बहिणी आहेत. आणि बहिणी आहेत हे कसं ओळखतात, तर आवाज कसे बदलतात ते बघून. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पुस्तकात 'डोळा', आमच्याकडे 'डोया'. पुस्तकात 'शाळा', आमच्याकडे 'शाया'. 'काळा'चं 'काया'. इथे चूक कोणीच करत नाहीये, हा नियम आहे. 'ळ'च्या जागी 'य'. तसंच तिकडे लॅटिनमध्ये जिथे 'क्व' येतो तिथे ऑस्कनमध्ये 'प' येतो. 'कोण' याला लॅटिनमध्ये 'क्विस', ऑस्कनमध्ये 'पिस'. लॅटिनमध्ये पाच म्हणजे 'क्विंक्वे', आणि ऑस्कनमध्ये 'पोम्पे' असावं असं मानतात. पाँपेई शहराचं नाव याच पाचावरून आलं असावं असा एक अंदाज आहे. येशूला सुळावर चढवण्याचा हुकूम देणारा तो पाँटियस पिलात, त्याचं पाँटियस हे नावही सॅम्नाइट लोकांचं, त्याच पाचाच्या घरातलं.

इथे कोणी हुशार श्रोता म्हणेल, अरे, मग पोम्पे आणि आपला 'पाच' दोन्हीकडे 'प' आहे, म्हणजे ऑस्कन आपल्याला जास्त जवळची! फसू नका. मी पण फसलो होतो. इटलीत आधी तो 'प' बदलून 'क्व' झाला आणि ऑस्कननं पुढे त्या 'क्व'चा परत 'प' केला. फिरून घरी आलेला 'प' आहे तो. जुळलं ते योगायोगानं.

पण योगायोग नसलेलंही भरपूर आहे. मध्य इटलीत गुब्बिओ नावाचं डोंगराळ गाव आहे. तिथल्या नगरपालिकेनं १४५६ मध्ये एका माणसाकडून सात ब्राँझचे पत्रे विकत घेतले. किंमत म्हणून काय दिलं, तर चराईच्या उत्पन्नाचा दोन वर्षांचा हक्क! म्हणजे एका मेलेल्या भाषेचा सगळ्यात मोठा ठेवा गुरांच्या चराईवर सुटला. ते पत्रे उंब्रियन भाषेत आहेत, साधारण चार हजार शब्दांचा मजकूर. त्यात गावाच्या पूजेचे विधी लिहिले आहेत. कोणत्या वेशीवर कोणता बळी द्यायचा, पक्ष्यांचा कौल कसा घ्यायचा, शेजारच्या कोणत्या शत्रूंना गावाबाहेर हाकलायचं. आणि प्रार्थना कसली? आमची माणसं आणि गुरं सुखरूप ठेव. त्यासाठी त्यांचे शब्द आहेत 'वेइरो' आणि 'पेक्वो'. हे आपले 'वीर' आणि 'पशू' यांचे चुलतभाऊ आहेत. गावाची वेस, बळी, माणसं, गुरं... आमच्या आजीला हा पत्रा वाचून दाखवला तर ती म्हणेल, मंग यात नवं काय हाय.

रोमचा तो सम्राट नीरो. हे नावही मुळात साबेल्लिक, सॅबाइन लोकांचं. अर्थ शूर, ताकदवान. आणि नातं आपल्या 'नर' शब्दाशी.

तर एवढ्या मोठ्या भाषा. गेल्या कशा? यात एक फार विचित्र गोष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर हा भाग मी तिच्यासाठीच केला. इसवी सनपूर्व ९१ मध्ये इटलीतल्या या लोकांनी रोमविरुद्ध बंड केलं. त्यांचं म्हणणं, आम्ही तुमच्या लढायांमध्ये मरायचं आणि नागरिक मात्र तुम्हीच? आम्हालाही नागरिकत्व द्या. बंडवाल्यांनी स्वतःची राजधानी केली, स्वतःची नाणी पाडली. त्यातल्या काही नाण्यांवर ऑस्कन लिपीत, उजवीकडून डावीकडे, एक शब्द आहे, 'विटेलिऊ'. म्हणजे इटालिया. जुनी समजूत अशी की हे नाव वासरांवरून पडलं. लॅटिनमध्ये वासरू म्हणजे 'विटुलुस', आपल्या 'वत्स'चा नातलग. एका नाण्यावर तर बैल लांडग्याला शिंगावर घेतोय. लांडगा म्हणजे रोम, हे वेगळं सांगायला नको.

रोमनं काय केलं? लढाई तर केलीच, पण ९० मध्ये कायदा करून जे शांत राहिले त्यांना नागरिकत्व दिलं, आणि लवकरच ते जवळपास सगळ्या इटलीत पोचलं. म्हणजे जे मागत होते ते मिळालं. हक्क मिळाले. आणि रोमन नागरिक झाल्यावर कचेरी, सैन्य, कायदा, मतदान सगळं लॅटिनमध्ये. जे सॅम्नाइट शेवटपर्यंत लढत राहिले त्यांची ८२ मध्ये रोमच्या वेशीवर सुल्लानं कत्तल केली. ८० मध्ये पाँपेईत रोमन सैनिकांची वसाहत बसवली. पुढच्या दीडशे वर्षांत ज्या भाषेनं नाण्यावर इटलीचं नाव लिहिलं, ती भाषा इटलीतूनच गेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या लोकांचा राग आला होता. आता येत नाही. पोटाला आणि मानाला जे लागतं ते त्यांनी मागितलं. भाषा वाचवा असं त्यांच्या मागण्यांमध्ये नव्हतं, कारण भाषा जाईल असं कोणाला वाटतच नसतं. ती तर घरात असते.

पाँपेईत मात्र भिंती उरल्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली शहर गाडलं गेलं आणि खोदकामात ऑस्कन पाट्या निघाल्या. रस्त्याच्या कोपऱ्यांवर लाल रंगात रंगवलेल्या. त्या बहुतेक ८९ मधल्या, सुल्लानं शहराला वेढा घातला तेव्हाच्या मानतात. मजकूर साधा. या वाटेनं गेलात की बारावा बुरूज आणि अमुक वेस यांच्यामध्ये जाल, तिथे अमुक माणूस हुकूम देतो. सैनिकांना रस्ता दाखवणारी पाटी. अवेल्ला गावात एक मोठा दगड सापडला. त्यावर दोन शहरांमधला करार, सामाईक देवळाची जमीन कोणी कशी वापरायची याचा. सापडला तेव्हा तो दगड एका जुन्या वाड्याच्या दाराला लावलेला होता. लोक त्या कराराच्या अंगावरून ये-जा करत होते.

आणि काही शब्द लॅटिनच्या पोटात लपून राहिले. लॅटिनमध्ये बैलाला 'बोस' म्हणतात. पण लॅटिनच्या स्वतःच्या नियमानं तिथे 'ब' यायला नको, 'व' यायला हवा होता. तो 'ब' साबेल्लिक शेजाऱ्यांचा. लांडग्याचा 'लुपुस', त्यातला 'प'ही तसाच उसना. म्हणजे रोमचं चिन्ह असलेल्या लांडगीचं नावसुद्धा ज्यांना रोमनं संपवलं त्यांच्या उच्चारातलं! स्वयंपाकघराला लॅटिनमध्ये 'कोक्विना', पण रस्त्यावरच्या खाणावळीला 'पोपिना'. एकच धातू, आपल्या 'पचणे' आणि 'स्वयंपाक'मधला 'पाक' तोच. फक्त खाणावळ साबेल्लिक लोकांची. विचार करा, उद्या वऱ्हाडी कोणी बोलत नाही, पण पुण्याच्या प्रमाण मराठीत एक 'डोया' तेवढा अडकून राहिलाय. तसं आहे हे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. वऱ्हाडीचं रडगाणं मी गाणार नाही. वऱ्हाडी बोलणारे लाखोंनी आहेत, ती कुठे चालली नाही. माझी एडिटिंगची खोड ही माझी खोड आहे. मला सांगायचंय ते दुसऱ्याच भाषेबद्दल, जिचं नाव मी पिंपळगावात वाढूनही पंचवीस वर्षं ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं तेही ऑस्कनबद्दल वाचता वाचता, मेलेल्या आणि मरणाऱ्या भाषांच्या एका यादीत. यादीत पुढे लिहिलं होतं, बुलढाणा जिल्हा.

भाषेचं नाव निहाली.

आमच्याकडून नांदुरा, तिथून पूर्णा ओलांडली की जळगाव जामोद. खानदेशातलं जळगाव नव्हे, आमचं. त्याच्या मागे सातपुडा उभा राहतो. त्या पायथ्याला जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी गावं आहेत. तिथे निहाल समाजाचे लोक राहतात, कोरकूंच्या शेजारी. निहाली बोलणारे साधारण दोन-अडीच हजार असतील असा अभ्यासकांचा अंदाज. जगात बाकी कुठेही नाहीत, इथे आणि लगतच्या सातपुड्यात एवढेच.

आणि ही भाषा कोणाच्याच नात्यातली नाही. मराठी-हिंदीच्या घराण्यातली नाही, तेलुगू-गोंडीच्या नाही, कोरकू-संथाळीच्याही नाही. उसने शब्द भरपूर, कोरकूचे तर खूपच, शिवाय मराठी-हिंदीचे, आणि काही द्राविडी वळणाचे. दोन, तीन, चार या आकड्यांचे शब्द द्राविडी वाटतात. पण 'एक' म्हणजे 'बिदुम', आणि तो कोणाशीच जुळत नाही. 'मी' म्हणजे 'जो'. 'तू' म्हणजे 'ने'. पाणी म्हणजे 'जोप्पो'. उसनं सगळं बाजूला काढलं की जवळपास पाव हिस्सा शब्द असे उरतात ज्यांचा जगात पत्ता लागत नाही. आपल्या सगळ्यांच्या भाषा इथे यायच्या आधी या मातीत जे काही बोललं जात होतं, त्यातलं कदाचित हे उरलेलं एक घर.

आता या भाषेची कागदावरची कहाणी बघा. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये आला, त्यात निहालीला कोरकूबरोबर मुंडा भाषांच्या गटात बसवलं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव कोरकूंच्याच नोंदीत, त्यांच्याबरोबर येतं. जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषा वेगळ्या छापत नाहीत, त्या 'इतर'मध्ये जातात. म्हणजे सर्वेक्षणात कोरकूच्या मागे, जमातीच्या यादीत कोरकूच्या मागे, आणि जनगणनेत 'इतर'.

१९५७ मध्ये सुधीभूषण भट्टाचार्य यांनी निहालीवर क्षेत्रकामाच्या टिपणी छापल्या. १९६२ मध्ये काईपर नावाच्या डच भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी एक शंका काढली, की ही चोरट्यांची सांकेतिक बोली तर नसेल? निहालांना पूर्वी लुटारू ठरवलेलं होतं, त्यावरून. ही शंका मला खटकते. लोक आपली भाषा परक्यासमोर मुद्दाम वापरतात, त्याला कळू नये म्हणून. ते आपणही करतो. पुण्यात होस्टेलला आम्ही बुलढाण्याची चार पोरं असलो की लगेच 'काहून बे' सुरू व्हायचं. तेवढ्यानं वऱ्हाडी चोरांची भाषा होते काय? उलट मला वाटतं, कोरकूंनाही खालचा मानलेला समाज, त्याची भाषा इतकी टिकली त्याचं एक कारण हेच असेल की ती दुसऱ्याला कळत नव्हती.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून काम झालं. आशा मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह १९९६ मध्ये छापला गेला. शैलेंद्र मोहन यांनी अलीकडच्या वर्षांत तिचं व्याकरण आणि बोलणं नोंदवलं. ही कामं झाली म्हणून मी आज तुम्हाला 'बिदुम' सांगू शकतो.

मागच्या महिन्यात मी जामोदला जाऊन आलो. बाजारात दोन तास फिरलो, चहा प्यालो, कान देऊन बसलो. माझ्याशी सगळे मराठीत बोलले. अर्थात बोलणारच, मी गिऱ्हाईक होतो. निहाली माझ्या कानावर पडली की नाही मला माहीत नाही, कारण कोरकू कोणती आणि निहाली कोणती हे मला ओळखूच येत नाही. दीड-दोन तासांवरचा माणूस मी, आणि ऑस्कनचे चार शब्द मला ओळखता येतात.

परतताना एसटीत डोक्यात हेच चाललं होतं. ऑस्कन गेली तरी ती आपण वाचू शकतो, कारण तिची बहीण लॅटिन जगली. 'पिस' कळत नसेल तर 'क्विस' बघा. 'वेइरो' अडला तर 'वीर' आहे. पाँपेईच्या भिंती आहेत, गुब्बिओचे पत्रे आहेत. निहालीला ना बहीण, ना भिंत. तिला लिपीच नाही. उद्या ती थांबली आणि तिच्यातलं एखादं वाक्य कुठे सापडलं, तर ते उलगडायला दुसरी कोणती भाषा धरायची? ऑस्कन मेली तेव्हा झाडाची एक फांदी गेली. निहाली म्हणजे अख्खं झाड आहे, दोन-अडीच हजार पानांचं.

आणि जामोदच्या बाजारात कोणी अर्ज करत नाही. गरजच नाही. शाळा मराठीत, रेशनचं दुकान मराठीत, मोबाइल हिंदीत. शेजार कोरकूंचा, म्हणून कोरकूही यावीच लागते. निहाल घरातलं पोरगं तीन भाषा शिकूनच मोठं होतं. चौथी ठेवायची की नाही, हे तो आणि त्याची आई ठरवणार. मी पिंपळगावात बसून त्यांना 'तुमची भाषा टिकवा' असं सांगणं मला शोभत नाही. स्वतःचं 'मले' कापणारा माणूस मी.

तर आज मी एवढंच केलंय. हा भाग रेकॉर्ड करून झाल्यावर आजीजवळ बसलो, मोबाइल मध्ये ठेवला आणि म्हटलं, आजी, वेशीवरची पूजा पहिले कशी करायचे ते सांग. अकरा मिनिटं बोलली. गुरांचं सांगितलं, नैवेद्याचं सांगितलं, मध्येच शेजारणीशी झालेलं भांडणही सांगितलं. ते सगळं या भागाच्या शेवटी जोडलंय, काहीही न कापता. इथे वाचणाऱ्यांसाठी ते खाली उतरवून देतोय. 'शाया'ची 'शाळा' केलेली नाही, आणि माझा आवाज येतो तिथे 'मले' आहे ते तसंच ठेवलंय.